मंदीत शेजारधर्म की हिशेब? ब्रिटन आणि आयर्लंडच्या व्यापारसंबंधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००८ नंतरची चार-पाच वर्षं ब्रिटन आणि आयर्लंड या दोघांनाही वाईट गेली. तरी त्याच काळात त्यांचे व्यापारी संबंध सैल पडायच्या ऐवजी घट्ट झाले. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, निर्यातीच्या धंद्यातली मंडळी आणि शिक्षण-नोकरीसाठी तिकडे निघालेली मुलं या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. खाली 'आयर्लंड' म्हणजे डब्लिन राजधानी असलेलं प्रजासत्ताक. 'उत्तर आयर्लंड' म्हणजे बेटाचा वरचा भाग, जो ब्रिटनच्या अखत्यारीत आहे. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढचं अर्धं कळणार नाही.

युरोपात इतके देश असताना हीच जोडी का?

कारण मंदीत दोन देश जवळ आले तर नेमकं काय घडतं, याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं नाही. कर्ज, चलन, वीज, नोकऱ्या, पर्यटन, सीमेवरची खरेदी असं सगळं एकाच जोडीत बघायला मिळतं. शिवाय याच दोन देशांनी १९३० च्या दशकातल्या मंदीत नेमका उलटा मार्ग धरला होता, त्यामुळे तुलना करायला दुसरीकडे जावं लागत नाही.

मंदीत दोघांची अवस्था नेमकी काय होती?

आयर्लंडची जास्त वाईट. सप्टेंबर २००८ मध्ये युरो विभागातला मंदीत गेलेला पहिला देश म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. घरबांधणीचा फुगा फुटला आणि त्या फुग्यावर कर्जं वाटलेल्या बँका बुडायला लागल्या. ३० सप्टेंबर २००८ रोजी सरकारने बँकांच्या ठेवी आणि बहुतेक देण्यांना सरसकट हमी दिली. ती सुमारे ४४० अब्ज युरोंची होती, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक. पुढे बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास गेली.

ब्रिटनलाही बँका वाचवाव्या लागल्या. पण त्याच्याकडे स्वतःचं चलन होतं आणि ते घसरू देण्याची मोकळीक होती. आयर्लंड युरोत असल्यामुळे त्याला ती सोय नव्हती.

२०१० मध्ये ब्रिटनने आयर्लंडला कर्ज का दिलं? तो तर युरोत नव्हता.

हा प्रश्न तेव्हा लंडनच्या संसदेतही विचारला गेला, आणि बराच आवाज चढवून. स्वतःच्या घरात खर्चकपात चालू असताना शेजाऱ्याला पैसे कशाला, असं म्हणणारे खासदार सत्ताधारी पक्षातच होते.

अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये सभागृहात जी बाजू मांडली, ती मैत्रीपेक्षा आकड्यांवर उभी होती. ब्रिटनच्या एकूण निर्यातीपैकी सुमारे ५ टक्के माल आयर्लंडला जातो. ब्राझील, रशिया, भारत आणि चीन या चौघांना मिळून जेवढा जातो, त्याहून हा जास्त. (हो, भारत धरून. पंचेचाळीस-सत्तेचाळीस लाखांचा देश या चार अवाढव्य बाजारपेठांना भारी पडत होता!) उत्तर आयर्लंडच्या निर्यातीपैकी तर पाचातले दोन हिस्से सीमेपलीकडे दक्षिणेत जात होते.

बँकांचा गुंता याहून मोठा होता. उत्तर आयर्लंडमधल्या चार मोठ्या बँकांपैकी दोन आयरिश मालकीच्या होत्या आणि त्या चक्क पौंडाच्या नोटा छापत होत्या. उलट बाजूने, ब्रिटिश सरकारने नुकत्याच वाचवलेल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या मालकीची अल्स्टर बँक आयर्लंडभर पसरलेली होती. ब्रिटनमधल्या पोस्टाच्या बचत खात्यांचंच बघा. काउंटरवर पाटी पोस्टाची, पण आत ठेवी बँक ऑफ आयर्लंडकडे. त्यामुळे २००८ ते २०१० या काळात मँचेस्टर किंवा लीड्समधल्या एखाद्या आजीबाईंच्या पुंजीला हमी होती ती डब्लिनच्या सरकारची. नोव्हेंबर २०१० मध्ये ही खाती ब्रिटनमध्ये नोंदलेल्या उपकंपनीकडे वळवली गेली आणि ब्रिटिश ठेवसंरक्षणाखाली आली.

एवढं सगळं गुंतलेलं असताना आयर्लंड बुडाला असता तर ब्रिटिश बँकांना पुन्हा सरकारच्या दारात उभं राहावं लागलं असतं. तेव्हा कर्ज देणं हाच स्वस्त पर्याय होता. माझ्या मते त्यात उपकार थोडा आणि हिशेब जास्त होता, आणि म्हणूनच तो टिकला.

कर्ज किती होतं? फिटलं का?

आयर्लंडसाठी ठरलेलं एकूण पॅकेज ८५ अब्ज युरोंचं होतं. त्यातले १७.५ अब्ज आयर्लंडने स्वतःच्याच गंगाजळीतून घालायचे होते. उरलेले ६७.५ अब्ज युरोपीय निधी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि तीन देशांकडून आले. हे तीन देश म्हणजे ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्क, आणि तिघेही युरोबाहेरचे.

ब्रिटनचा वाटा ३.२ अब्ज पौंडांचा. त्यासाठी डिसेंबर २०१० मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाच केला. पैसे आठ हप्त्यांत दिले गेले. सुरुवातीला ठरलेला व्याजदर आयर्लंडला जड होता. युरोपने आपल्या कर्जाचा दर उतरवल्यावर ब्रिटननेही आपला उतरवला. शेवटचा हप्ता मार्च २०२१ मध्ये फिटला. तोवर कर्ज देणारा देश युरोपीय संघातून बाहेरही पडला होता.

याआधीच्या मंदीत हे दोघे कसे वागले होते?

एकमेकांचा गळा धरून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आयरिश कुळांनी जमीनदारांकडून जमिनी विकत घेतल्या, त्या ब्रिटिश सरकारने दिलेल्या कर्जावर. त्या कर्जाचे हप्ते स्वातंत्र्यानंतरही आयरिश सरकार गोळा करून लंडनला पाठवत होतं. १९३२ मध्ये इमन डी व्हॅलेरा हे आयरिश नेते सत्तेवर आले आणि त्यांनी हे पैसे पाठवणं बंद केलं. आमचीच जमीन आणि आम्हीच हप्ते भरायचे, हा त्यांचा युक्तिवाद आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

ब्रिटनने उत्तर दिलं ते आयरिश शेतमालावर २० टक्के आयात शुल्क लावून. आयर्लंडने ब्रिटिश कोळसा, सिमेंट वगैरेंवर उलटं शुल्क लावलं. जगभर मंदी असताना सुरू झालेलं हे 'आर्थिक युद्ध' १९३८ पर्यंत चाललं. आयर्लंडची जवळपास सगळी गुरं ब्रिटनला विकली जायची. तो बाजार आटला आणि गुरांचे भाव इतके कोसळले की वासरू वाढवणं परवडेना. शेवटी सरकारने वासरं मारायची योजना आणली आणि कातड्यामागे शेतकऱ्याला पैसे दिले. गोठ्यातलं वासरू जिवंत असण्यापेक्षा मेलेलं किमतीचं ठरावं, यावरून त्या व्यापारयुद्धाची कल्पना येईल.

हा बर्फ वितळायला सुरुवात झाली ती १९३५ च्या कोळसा-गुरं करारापासून. तुम्ही आमची जास्त गुरं घ्या, आम्ही तुमचा जास्त कोळसा घेतो, असा रोखठोक व्यवहार. १९३८ मध्ये आयर्लंडने एकरकमी १ कोटी पौंड देऊन जमीन-हप्त्यांचा विषय मिटवला. पुढे १९६५ मध्ये मुक्त व्यापार करार झाला आणि १ जानेवारी १९७३ ला दोघे एकाच दिवशी युरोपीय समुदायात शिरले.

२००८ मध्ये पौंड घसरला. फायदा कोणाचा झाला?

उत्तर आयर्लंडच्या दुकानदारांचा, हे पहिलं उत्तर. २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला जवळपास दीड युरो मोजावे लागत. डिसेंबर २००८ संपताना एक युरो आणि वर दोन-चार सेंट पुरत होते. त्यात भर म्हणजे त्याच महिन्यात ब्रिटनने व्हॅट १७.५ वरून १५ टक्क्यांवर आणला, तर तिजोरी रिकामी पडलेल्या आयर्लंडने तो २१ वरून २१.५ टक्क्यांवर नेला. व्हायचं तेच झालं. नाताळाच्या खरेदीसाठी डब्लिनच्या गाड्या सीमेपलीकडच्या न्यूरी गावाकडे निघाल्या. द कीज आणि बटरक्रेन या तिथल्या बाजारसंकुलांच्या रस्त्यांवर मैलोगणती रांगा लागल्या. डिकीत दारूचे खोके, लंगोटांची पाकिटं, धुण्याची पावडर.

आयरिश अर्थमंत्री ब्रायन लेनिहान वैतागून म्हणाले, तिकडे खरेदी करता तेव्हा तुम्ही आपल्या राज्याचा नव्हे, राणीसरकारचा कर भरता. लोकांनी ऐकून घेतलं आणि गाडीत पेट्रोल भरलं. अखेर डिसेंबर २००९ च्या अर्थसंकल्पात दारूवरचं उत्पादन शुल्क कमी झालं, व्हॅट पुन्हा २१ वर आला आणि ब्रिटनचाही व्हॅट जानेवारी २०१० पासून पूर्वपदावर गेला. मग गर्दी ओसरली. देशप्रेमाच्या आवाहनाने जे साधलं नाही ते दरपत्रकाने साधलं.

आणि तोटा कोणाचा?

ब्रिटनला माल विकणाऱ्या आयरिश शेतकऱ्याचा आणि छोट्या कारखानदाराचा. आयर्लंडचा शेतमाल आणि खाद्यपदार्थ यांच्या निर्यातीत ब्रिटनचा वाटा तेव्हा ४० टक्क्यांच्या आसपास होता.

अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं उदाहरण घेऊ. मोनाहन, कॅव्हन या सीमेलगतच्या जिल्ह्यांत हा धंदा मोठा आणि बहुतेक माल ब्रिटिश सुपरमार्केटांना जातो. संध्याकाळी तोडलेली अळिंबी रात्रीच्या फेरीबोटीने निघते. सौदा पौंडात आणि भाव महिनोन्महिने आधी बांधलेला. पण गव्हाचा पेंढा, कोंबडीखत आणि जिप्सम मिसळून केलेलं कंपोस्ट, हाताने तोडणी करणाऱ्या कामगारांची मजुरी, वीज, डिझेल हे सगळे खर्च युरोत. समजा १०,००० पौंडांचा माल पाठवला. २००७ च्या सुरुवातीला त्याचे साधारण १४,८०० युरो हातात आले असते, तर २००८ च्या अखेरीस जेमतेम १०,३००. माल तोच आणि मेहनतही तीच, पण मधले साडेचार हजार युरो गेले. बरं, भाव सुधारेपर्यंत माल धरून ठेवावा म्हटलं तर अळिंबी चार-पाच दिवसांत काळी पडते.

सुपरमार्केटकडे भाव वाढवून मागावा तर तिथे पोलंड आणि नेदरलँड्सचा माल उभाच असतो. काहींनी बँकेकडून फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढच्या तारखेचा विनिमय दर आधीच बांधून घेतला होता, ते सहा-आठ महिने तरले. ज्यांनी कंपोस्टसारखा कच्चा माल ब्रिटनमधून किंवा उत्तर आयर्लंडमधून पौंडात घ्यायला सुरुवात केली, त्यांचा निदान काही खर्च उत्पन्नाच्याच चलनात आला. हा दुसरा उपाय कंटाळवाणा आहे, पण मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या, मतदानानंतर पौंड पुन्हा कोसळला, तेव्हा ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं अशा काही अळिंबी उत्पादकांना थेट टाळं लावावं लागलं.

सरकारांखेरीज कोणत्या संस्था कामाला आल्या?

सर्वांत उपयोगी म्हणावी अशी संस्था मंदीच्या बऱ्याच आधी उभी राहिली होती. इंटरट्रेडआयर्लंड ही संस्था उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या बेलफास्ट करारातून १९९९ मध्ये स्थापन झाली, कार्यालय त्याच न्यूरीत. तिला पैसे दोन्ही बाजूंची सरकारं देतात. तिची कामाची पद्धत साधी आहे. सीमेपलीकडे माल विकायचा पण माणूस ठेवायला पैसा नाही, अशा छोट्या कंपनीला विक्री प्रतिनिधीच्या पगारातला काही भार उचलून द्यायचा. या योजनेचं नाव ॲक्युमेन. फ्यूजन नावाच्या दुसऱ्या योजनेत एक पदवीधर, एक कंपनी आणि सीमेपलीकडचं एक विद्यापीठ यांची सांगड घातली जाई. मंदीत बँका कर्ज देत नसताना अशी मदत शिष्टमंडळांच्या दहा दौऱ्यांपेक्षा जास्त कामाची ठरते.

२०११ मध्ये ब्रिटिश आयरिश चेंबर ऑफ कॉमर्स सुरू झालं. इतक्या जुन्या व्यापाराला स्वतःचं संयुक्त चेंबर तोवर नव्हतं, हे नवलच. याशिवाय आयरिश निर्यातदारांसाठी एंटरप्राइज आयर्लंड आणि खाद्यपदार्थांसाठी बॉर्ड बिया या सरकारी संस्था होत्याच.

राणीच्या २०११ च्या भेटीचा व्यापाराशी काय संबंध?

थेट सौदे झाले नाहीत. पण १७ ते २० मे २०११ ही दुसऱ्या एलिझाबेथ राणीची भेट म्हणजे आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतरची ब्रिटिश राजघराण्याच्या प्रमुखाची पहिलीच भेट होती. त्याआधी पंचम जॉर्ज आले होते ते १९११ मध्ये, म्हणजे आयर्लंड साम्राज्यात असताना. राणीने स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या स्मारकापुढे मान झुकवली, डब्लिन कॅसलमधल्या भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली आणि कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये मासळीवाल्याशी हसत गप्पा मारल्या. तो हास्याचा फोटो जगभर छापला गेला. कुठल्याही पर्यटन खात्याला इतकी जाहिरात विकत घेता आली नसती, तीही आयर्लंडचं नाव फक्त दिवाळखोरीच्या बातम्यांत येत असण्याच्या काळात. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी परतभेट दिली.

२०१२ च्या संयुक्त निवेदनातून प्रत्यक्षात काय निघालं?

मार्च २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि आयर्लंडचे पंतप्रधान एन्डा केनी यांनी लंडनमध्ये पुढच्या दहा वर्षांचा आराखडा जाहीर केला. त्यातला सर्वांत कमी गाजलेला आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे दोन्हीकडच्या खात्यांच्या सर्वोच्च सचिवांनी दरवर्षी एकत्र बसायचं. मंत्री बदलतात, पण सचिवांच्या ओळखी राहतात.

विजेच्या बाबतीत एक यश आणि एक फजिती. यश म्हणजे ईस्ट-वेस्ट इंटरकनेक्टर. डब्लिनच्या उत्तरेकडच्या रश किनाऱ्यापासून वेल्सपर्यंत समुद्राखालून नेलेली, ५०० मेगावॉट क्षमतेची ही केबल सप्टेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. देश दिवाळखोरीच्या कडेवर असताना सुमारे ६० कोटी युरोंचं काम पुरं झालं, कारण युरोपीय संघाचं अनुदान आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं कर्ज आधीच बांधलेलं होतं.

फजिती पवनचक्क्यांची. जानेवारी २०१३ मध्ये दोन्ही ऊर्जामंत्र्यांनी समझोत्यावर सह्या केल्या. आयर्लंडच्या मध्यभागात प्रचंड पवनचक्क्या उभारायच्या आणि सगळी वीज थेट ब्रिटनला विकायची. पण गावकरी म्हणाले, चक्क्या आमच्या माथ्यावर आणि वीज दुसऱ्याला? मोर्चे निघाले. तिकडे ब्रिटनने किती भाव द्यायचा हे ठरेना. एप्रिल २०१४ मध्ये बेत गुंडाळला गेला. कोकणात मोठ्या प्रकल्पांच्या सभा पाहिलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

माणसांच्या ये-जा करण्याचं काय?

इथे या दोन देशांना जी सोय आहे ती जवळपास कुणालाच नाही. १९२० च्या दशकापासून चालत आलेल्या 'कॉमन ट्रॅव्हल एरिया'मुळे दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे परवान्याशिवाय राहू शकतात, नोकरी करू शकतात. १९४९ च्या ब्रिटिश कायद्यात तर आयर्लंड हा परका देश समजला जाणार नाही असं सरळ लिहिलं आहे. डब्लिनमधली बांधकामं थांबली तेव्हा आयरिश गवंडी, अभियंते आणि कंत्राटदार लंडनकडे वळू शकले ते यामुळे. आयर्लंडमधल्या घराघरातून तरुण पोरं गेली हे दुःख खरंच, पण बेकारभत्त्याच्या रांगा तेवढ्या आखूड झाल्या.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

एक आहे, आणि तो मालवणी आहे. मार्च २०११ ते जुलै २०१४ या काळात आयर्लंडचे वाहतूक, पर्यटन आणि क्रीडामंत्री होते लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आयर्लंडला सर्वांत जास्त पर्यटक ब्रिटनमधूनच येतात, त्यामुळे मंदीत हे खातं नुसतं शोभेचं नव्हतं. जुलै २०११ पासून हॉटेल-उपाहारगृहांवरचा व्हॅट ९ टक्क्यांवर आणला गेला. विमानप्रवासावरचा कर आधी १० वरून ३ युरोंवर उतरला होता, तो एप्रिल २०१४ पासून शून्य झाला. वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या अखेरीस वराडला येऊन गेले.

ब्रेक्झिटनंतर यातलं काय उरलं?

बरंच, पण रस्ते बदलले. पूर्वी युरोपकडे जाणारा आयरिश माल ट्रकने ब्रिटन ओलांडून जायचा, कारण थेट जहाजापेक्षा वेळ निम्मा लागायचा. २०२१ पासून कागदपत्रं आणि तपासणी आली, तसे अनेकांनी रॉसलेअर आणि डब्लिनहून फ्रान्सला जाणारी थेट जहाजं धरली. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाच्या तपासणीचा घोळ बराच काळ चालला. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने तो काहीसा निवळला. कॉमन ट्रॅव्हल एरिया शाबूत राहिला. २०२५ मध्ये वेक्सफर्ड आणि वेल्स यांना जोडणारी ग्रीनलिंक ही आणखी एक ५०० मेगावॉटची केबल सुरू झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये दोन्ही पंतप्रधानांनी लिव्हरपूलमध्ये शिखर बैठक घेतली.

मग भारतीय पासपोर्टवर एकाच व्हिसात दोन्ही देश होतात का?

काही अटींवर, हो. पर्यटक आणि व्यावसायिकांची खेप वाढावी म्हणून दोन्ही सरकारांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेवर सह्या केल्या. ती चीन आणि भारताच्या नागरिकांसाठी आहे. व्हिसावर या योजनेचा शेरा असावा लागतो आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावं लागतं. शेरा नसेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डब्लिनहून बेलफास्टला जाणाऱ्या बसमध्ये सहसा कुणी पासपोर्ट विचारत नाही, वाटेत नाकंही नाही. तरीही बेलफास्ट ही उत्तर आयर्लंडची राजधानी, म्हणून ते ब्रिटनमध्ये येतं आणि ब्रिटिश व्हिसाशिवाय तिथे सापडलात तर तो बेकायदा प्रवेशच धरला जातो. तिकीट काढण्याआधी दोन्ही दूतावासांच्या संकेतस्थळांवरचे सध्याचे नियम वाचून घ्या.